नळेगावचा नवा डबा: सहा आणि सात यांचं जुळवताना ठेवलेल्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

गुरुवारी रात्री परतीच्या पावसात वीज कडाडली आणि नळेगावचा राऊटर गेला. टॉवरवर थेट पडली नाही, जवळपास कुठंतरी पडली. पण रेडिओवरून खाली येणाऱ्या केबलमधून जे काही उतरलं त्यानं आठपैकी पाच पोर्ट जाळले. उरलेल्या तिनांचा भरवसा नाही. अर्थिंगची पट्टी गंजलेली आहे हे मला महिन्यापूर्वीच दिसलं होतं. 'दसरा झाला की करू' म्हणून ठेवलं होतं. दसरा काल झाला.

पुढं कुणाला ही वही वाचायची वेळ आली तर समजावं म्हणून जाळं आधी लिहून ठेवतो. आम्ही रेडिओवरून गावोगाव इंटरनेट देतो. सहा टॉवरांचं कडं आहे: लातूर, औसा, लामजना, निलंगा, शिरूर अनंतपाळ, नळेगाव आणि परत लातूर. वरच्या कंपनीची फायबर लातूरला येते, तिथून पुढं सगळं रेडिओवर. कडं एका जागी तुटलं तर वाहतूक दुसऱ्या अंगानं फिरते. कुठून फिरायचं ते राऊटर आपसात ओएसपीएफ नावाच्या नियमावलीनं ठरवतात. सध्या नळेगावच नसल्यानं कड्याची सरळ दोरी झालीय. निलंग्याचं, शिरूरचं चालू आहे, पण औशाला काही झालं तर मागचं सगळं बसेल.

जुनं मॉडेल आता मिळत नाही. त्याच कंपनीचा नवा डबा आणला. आमचे बाकीचे पाचही राऊटर कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या सहाव्या आवृत्तीवर आहेत, हा सातवी घेऊन आलाय. कारखान्यातून ज्या आवृत्तीवर निघाला तिच्याखाली तो उतरत नाही. तासभर प्रयत्न करून पाहिला, नाहीच. अण्णा म्हणाले, "एकाच कंपनीचा हाय ना? मग जुळतंय की." मलाही तसंच वाटलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी नळेगाव. भाच्यानं वर चढून दोन्ही रेडिओ तपासले, ते वाचलेत. नवी अर्थिंग पट्टी टाकली, या वेळी तांब्याची.

जुन्या राऊटरचा ऑगस्टमधला एक्स्पोर्ट, म्हणजे सेटिंगची प्रत, जवळ होता. तो सरळ पेस्ट केला आणि पडदा लाल झाला. ओएसपीएफची मांडणीच बदललीय. सहामध्ये 'हे नेटवर्क या एरियात (जाळ्याच्या या भागात)' अशी एक ओळ लिहिली की काम व्हायचं. सातमध्ये आधी इन्स्टन्स, मग एरिया, मग पोर्टांसाठी टेम्प्लेट. फिल्टरची, म्हणजे कोणते मार्ग सांगायचे ते गाळणाऱ्या नियमांची, भाषाही वेगळी: जुने नियम एकेका ओळीचे रकाने होते, आता 'जर असं तर तसं' लिहायचं. शिवाय जुन्या डब्याला आठ ईथर पोर्ट होते आणि शिरूरचा रेडिओ पाचव्यावर होता. नव्याला ईथर (साध्या केबलचे) चारच आहेत, बाकी एसएफपी, मुख्यतः फायबरसाठीचे. म्हणजे पाचव्या पोर्टाच्या नावानं लिहिलेली प्रत्येक ओळ गळाली. लाल ओळी भराभर वर सरकत गेल्या आणि मी त्या नीट वाचल्या नाहीत. हे इथं मुद्दाम लिहितोय.

दुपारपर्यंत हातानं सगळं लिहिलं. लातूरशी शेजार लगेच 'फुल्ल' झाला, म्हणजे दोघांची ओळख पूर्ण. शिरूरशी मात्र नाही. नळेगावच्या पडद्यावर शिरूर 'एक्सस्टार्ट'मध्ये, ओळखीच्या अर्ध्या वाटेवर, अडकून पडलंय.

लातूर फुल्ल असूनही ग्राहकांना नेट नव्हतं. शिरूर जुळलं की बाकीचं आपोआप जुळेल असं धरून चाललो. तोवर लोकांचं काम चालावं म्हणून नळेगाववर लातूरकडं जाणारा डीफॉल्ट मार्ग ('बाकी सगळं इकडून') हातानं टाकला, आणि लातूरवर नळेगावच्या ग्राहकांच्या पत्त्यांचा गट, १००.६४.६.०/२४, नळेगावकडं पाठवणारा स्थिर मार्ग. चार वाजता नेट सुरू. चार दिवस बंद होतं, त्यामुळं कुणी शिव्या दिल्या नाहीत, नुसते फोन करून 'आलं का' विचारत होते.

संध्याकाळ शिरूरच्या रेडिओची दिशा जुळवण्यात घालवली. भाचा नळेगावला वर, मी शिरूरला काकूंच्या गच्चीवर. तिथं सोयाबीन वाळत पसरलेलं, त्यातून पाय टाकायलाही जागा नव्हती. सिग्नल पहिल्यापासून चांगलाच होता. काम फुकट गेलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

रात्री अंथरुणावर पडल्यावर उजेड पडला. शिरूरच्या पडद्यावर नळेगाव कोणत्या अवस्थेत दिसतं हे मी बघितलंच नव्हतं. सकाळी बघितलं: तिथं 'एक्सचेंज'. एक बाजू एक्सस्टार्ट, दुसरी एक्सचेंज. रेडिओचा दोष असता तर हॅलोच पोहोचले नसते.

ओएसपीएफमध्ये दोन राऊटर आधी हॅलोवर ओळख करून घेतात. मग आपापल्या वहीत काय काय आहे याची यादी एकमेकांना दाखवतात, त्याला डेटाबेस डिस्क्रिप्शन म्हणतात. त्या यादीच्या पाकिटावर पाठवणाऱ्या पोर्टाचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, लिहिलेला असतो. तो स्वतःच्या एमटीयूपेक्षा मोठा दिसला तर घेणारा राऊटर पाकीट टाकून देतो, गुपचूप. शिरूरच्या पोर्टावर १५२०, नळेगावच्या नव्या पोर्टावर १५००. शिरूरचं प्रत्येक पाकीट नळेगाव टाकून देत होतं. नळेगावचं १५०० वालं शिरूरला चालत होतं, म्हणून ते एक पायरी पुढं गेलं. आमचे राऊटर आयडी लातूरच्या १०.१०.०.१ पासून नळेगावच्या १०.१०.०.६ पर्यंत आहेत. नळेगावचा मोठा म्हणून या जोडीत ते मास्टर. मास्टरच ऐकत नाही म्हटल्यावर पुढं काय होणार.

१५२० आलं कुठून? तीनेक वर्षांपूर्वी त्या अंगाला एमपीएलएस (पाकिटांना लेबल लावून पाठवायची पद्धत) चालवायचा बेत होता, लेबलांना जागा म्हणून वाढवला होता. बेत राहिला, १५२० राहिलं. जुन्या नळेगावातही होतं, पण पाचव्या पोर्टाच्या ओळीत. म्हणजे कालच्या लाल ओळींतली एक.

दोन्हीकडं १५०० केलं. मिनिटाच्या आत फुल्ल. एमटीयूकडं दुर्लक्ष करायची सोय काही राऊटरांत असते, तीही वापरता आली असती. पण त्यानं अवस्था तेवढी फुल्ल दिसते. पुढं मोठी पाकिटं वाटेत गळायला लागली की कारण कुणालाच सापडत नाही. खात्री म्हणून १५०० चं पिंग (जाऊन परत येणारं चाचणीचं पाकीट), तुकडे न करता, दोन्ही दिशांनी मारून बघितलं. गेलं.

अण्णांना फोन: झालं. घाई केली.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

औशाच्या रस्त्यानं तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागलीय. टॉवरच्या पायथ्याशी एका मंडळानं चहा ठेवलाय, त्यांना आमच्याच खोलीतून लाईट दिली.

दुपारी नळेगाववरचा हातानं टाकलेला डीफॉल्ट मार्ग काढला. आता ओएसपीएफनंच मार्ग शिकायला हवा. नेट चालू राहिलं, बरं वाटलं. सवयीनं ट्रेसरूट मारला, पाकीट कोणत्या वाटेनं जातं ते बघायला: नळेगाव, शिरूर, निलंगा, लामजना, औसा, लातूर. शेजारच्या घरी जायला अख्ख्या गावाला वळसा. तीन मिलिसेकंदांचं पिंग एकोणीसवर.

लातूर–नळेगाव रेडिओ चालू, शेजार फुल्ल, पिंग व्यवस्थित. तरी मार्ग तिकडून नाही.

पहिला संशय कॉस्टवर, म्हणजे वाटेच्या किमतीवर; कमी किमतीची वाट निवडली जाते. सहामध्ये पोर्टाची कॉस्ट लिहिली नाही तर १० धरली जाते, सातमध्ये १. आमच्या एकाही राऊटरवर ती लिहिलेली नव्हती. म्हणजे नवा डबा लातूरची कॉस्ट १ मानतोय आणि लातूर नळेगावची १०. बघितल्यावर हेच असं वाटलं, दोन्हीकडं १० लिहिली. ट्रेसरूट तोच. मग डोकं चाललं: कॉस्ट बाहेर जाणाऱ्या दिशेला मोजतात. नळेगावकडून लातूर १ ला मिळत असेल तर ते उलट जास्तच लातूरकडं जायला हवं होतं! घाईत उलटा विचार केला. तरी कॉस्ट लिहिलेलीच ठेवली.

दूध आटवायला ठेवलंय म्हणून घरून तिसरा फोन आला. थांबलो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दिवसभर ग्राहकांची कामं. आज परत लातूर–नळेगाव.

शेजारांची यादी बघणं सोडून डेटाबेसच उघडला. प्रत्येक राऊटर आपल्याबद्दलचा जो दाखला सगळीकडं पाठवतो, तो राऊटर एलएसए. लातूरच्या दाखल्यात लिहिलंय: पॉइंट-टू-पॉइंट जोड, पलीकडं १०.१०.०.६. नळेगावच्या दाखल्यात १०.१०.०.१ चं नावच नाही. तिथं आहे: ट्रान्झिट नेटवर्क. म्हणजे नळेगाव समजतंय की हा पोर्ट एका सामायिक जाळ्यावर आहे जिथं कितीही राऊटर असू शकतात, आणि स्वतःच त्याचा डीआर, म्हणजे मुख्य राऊटर, होऊन बसलंय.

ही दोन शेतांच्या खरेदीखताची गोष्ट आहे. एकाच्या चतुःसीमेत लिहिलंय 'पूर्वेस अमक्याचं रान'. त्या अमक्याच्या कागदावर मात्र 'पश्चिमेस गावठाणाची मोकळी जागा'. दोघं रोज बांधावर बसून तंबाखू मळतात, पण कागद जुळत नाहीत. तलाठी कागद बघतो, तंबाखू बघत नाही. मार्ग काढताना राऊटर हेच करतो: अ च्या दाखल्यात ब आहे, तर ब च्या दाखल्यात अ कडं परत येणारा जोड आहे का ते तपासतो. नसेल तर तो जोड हिशेबातच धरत नाही. त्याची चूकही दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ती चूक नाही.

आणि शेजार फुल्ल का? कारण दोन्ही प्रकारांत हॅलो १० सेकंदांचा आणि डेड (हॅलो न आल्यास शेजारी गेला धरायची मुदत) ४० चा. ओळख पटते, यादी जुळते, सगळं हिरवं.

लातूरच्या पोर्टावर पॉइंट-टू-पॉइंट कुणीतरी हातानं लिहिलं होतं. कुणीतरी म्हणजे मीच, २०२१ च्या एका शेऱ्यावर माझी सही आहे. जुन्या नळेगावातही तेच होतं आणि एक्स्पोर्टमध्ये ती ओळ होती. पण नव्या टेम्प्लेटमध्ये उतरवताना मी फक्त नेटवर्क आणि एरिया घेतला. प्रकार लिहिला नाही म्हणून सातनं स्वतःचा घेतला: ब्रॉडकास्ट, म्हणजे तेच सामायिक जाळं. शिरूरच्या अंगाला दोन्हीकडं न लिहिता ब्रॉडकास्टच होतं, म्हणून तिथं हे दुखणं आलं नाही.

टेम्प्लेटमध्ये प्रकार लिहिला. ट्रेसरूट: नळेगाव, लातूर. एका उडीत.

सोमवारी लातूर फुल्ल असून नेट नव्हतं त्याचं कारण हेच होतं. स्थिर मार्ग टाकून मीच ते झाकलं होतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

टॉवरवर काही काम नाही. मळणीयंत्रांची धूळ सगळीकडं, लामजन्याच्या खोलीतल्या पंख्यावर बोटभर थर, तेवढा साफ केला.

संध्याकाळी ओएसपीएफचा प्रमाण दस्तऐवज परत चाळला, आरएफसी २३२८, जॉन मॉय यांनी लिहिलेला, एप्रिल १९९८ चा. २४४ पानं. सगळा वाचायची माझी कधी हिंमत झाली नाही, अडलं की तेवढं बघायचं. आमच्या दोन्ही आवृत्त्या याच कागदाला धरून आहेत. दोघींपैकी एकही चुकत नाही. पण पोर्टावर काही लिहिलं नसेल तर काय धरावं हे ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि तिथंच सहा आणि सात वेगळ्या वाटेनं गेल्यात. मी लिहिलेलं सगळं जुळलं. बिघडलं ते जे मी नव्या डब्यावर लिहिलंच नव्हतं.

एक गंमत सापडली. आवृत्त्यांच्या भांडणाची तजवीज त्या कागदातच आहे. बाहेरून आलेले मार्ग निवडायची पद्धत आधीच्या आरएफसी १५८३ मध्ये थोडी वेगळी होती, म्हणून जुन्यासारखं वागायचा एक खटका दिलाय. आणि बजावलंय की एका जाळ्यातल्या सगळ्या राऊटरांवर तो सारखाच ठेवा, नाहीतर मार्ग गोल फिरू शकतात. म्हणजे हे दुखणं १९९८ मध्येच ओळखीचं होतं. आमचा एकच एरिया आहे त्यामुळं आम्हाला त्याची झळ नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

लातूरवर सोमवारी टाकलेला स्थिर मार्ग, १००.६४.६.०/२४ चा, अजून तिथंच होता. सकाळी साडेसहाला, लोक उठायच्या आधी, तो काढला. नळेगाव पूर्ण बंद.

दोन मिनिटांत परत टाकला, पण तेवढ्यात सात फोन. रविवारी साडेसहाला कोण काय बघतं कुणास ठाऊक. नळेगावचे एक गुरुजी म्हणाले, "आता तर कुठं नीट चालायलंय म्हणत होतो."

म्हणजे अजून एक बाकी आहे. नळेगावचं जाणं ओएसपीएफवर, येणं मात्र माझ्या हाताच्या ओळीवर चाललंय. नळेगाव आपल्या ग्राहकांचे पत्ते कड्याला सांगतच नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

लातूरच्या डेटाबेसमध्ये नळेगावनं पाठवलेले बाहेरचे मार्ग मोजले. शून्य. शिरूरचे, निलंग्याचे दिसतात.

नळेगाववर ग्राहकांचे मार्ग ओएसपीएफमध्ये टाकताना एक फिल्टर लागतो. जुन्या राऊटरवर त्यात दोनच नियम होते: देखभालीचं नेटवर्क सांगू नको, कॅमेऱ्यांचं नेटवर्क सांगू नको. संपलं. सहामध्ये साखळीच्या शेवटापर्यंत कोणताच नियम लागू झाला नाही तर मार्ग जाऊ दिला जातो. सातमध्ये शेवटाला पोहोचलेला मार्ग नाकारला जातो. मी दोन्ही नियम नव्या भाषेत चोख उतरवले. 'हे नको, ते नको' एवढंच सांगितलं, त्यानं उरलेलंही नको समजून घेतलं.

शेवटी एक ओळ: बाकीचं घे. लातूरवर लगेच मार्ग दिसायला लागले. आणि ते बघून वेगळीच लाज वाटली. पीपीपीओईवर (ग्राहकाच्या लॉगिनची पद्धत) लॉगिन असलेल्या प्रत्येक घराचा वेगळा /३२, म्हणजे एकेका पत्त्याचा मार्ग. म्हणजे नळेगावात कुणाच्या घरची लाईट गेली, आली की त्याची बातमी निलंग्यापर्यंत सहाही राऊटरांना. बाकीच्या टॉवरांवरही वर्षानुवर्षं हेच चाललंय. नळेगाववर पूर्ण /२४ चा एकच मार्ग तयार करून तेवढाच बाहेर सोडला, फिल्टरमध्ये /३२ थांबवले. बाकीच्या टॉवरांचं नंतर.

मग लातूरचा स्थिर मार्ग काढला. या वेळी फोन नाही.

आवृत्तीनं एक गोष्ट बिघडवली आणि माझ्या तात्पुरत्या ओळींनी ती आठवडाभर लपवली. यापुढं हातानं मार्ग टाकला तर शेऱ्यात तारीख आणि 'काढायचा' हे शब्द. अण्णांनी ते फळ्यावरच लिहून ठेवलं, खडूनं, माझ्या नावासकट.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आज ऑफिसात टेबलावर दोन डबे: जळालेल्या नळेगावचे तीन बरे पोर्ट (सहा) आणि एक नवा उसना (सात). मध्ये एक केबल. हे १३ तारखेला करायला हवं होतं.

सहामध्ये एक्स्पोर्ट काढला की फक्त आपण बदललेलंच दिसतं, कारखान्याचं दिसत नाही. तेच हवं होतं, म्हणून सगळ्या किमतींसकट निघणारा लांब एक्स्पोर्ट दोन्हीकडून काढला, कागदावर छापला आणि लाल पेनानं शेजारी शेजारी ताडून बघितला. भाच्यानं विचारलं, "काय करायलास, परीक्षेचे पेपर तपासायलास का?" जवळपास तेच.

यातून एक तक्ता बनला. प्रत्येक रेडिओ पोर्टासाठी जे पूर्वी रिकामं सोडायचो ते सगळं आता लिहायचं: एमटीयू, नेटवर्क प्रकार, कॉस्ट, हॅलो, डेड, किल्ली आणि तिचा क्रमांक. फिल्टरच्या शेवटी स्वीकार की नकार, तोही शब्दात. सहावर असलेल्या पाचांवरही हीच ओळ न् ओळ, मग कारखान्याची किंमत तीच का असेना.

टेबलावर मुद्दाम बिघाड करून बघितले, म्हणजे पुढच्या वेळी लक्षण बघून कळावं. हॅलोचं अंतर वेगळं ठेवलं तर शेजारी यादीतच येत नाही, जणू पलीकडं कुणी राहतच नाही. एमटीयू वेगळा तर नमस्कार-चमत्कार होतो, यादीची देवाणघेवाण अडते. प्रकार वेगळा तर सगळं हिरवं आणि मार्ग शून्य. हा तिसरा सगळ्यात वाईट, कारण माणूस हिरवं बघून घरी जातो. मी गेलोच होतो.

बाकीचे पाच आताच सातवर न्यावेत का, यावर अण्णांशी तासभर. त्यांचं म्हणणं, रोग मुळातून काढ. माझं म्हणणं, दिवाळीच्या तोंडावर चालत्या बैलाला पराणी कशाला. तक्ता लिहिला तर सहा आणि सात शेजारी नांदतात, टेबलावर नांदली. पाडव्यानंतर एकेक, आधी कड्याच्या मधला, लातूर सगळ्यात शेवटी.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज स्वतःच्या पायावर धोंडा.

रेडिओची जोड तुटली तरी राऊटरचा पोर्ट चालूच दिसतो, कारण राऊटर आणि रेडिओमधली केबल शाबूत असते. त्यामुळं ओएसपीएफला डेडची मुदत संपेपर्यंत कळत नाही. ती ४० सेकंद. एवढ्यात लोकांचे कॉल तुटतात. म्हणून हॅलो २, डेड ८ करायचं ठरवलं. ते दोन्ही टोकांना सारखंच लागतं.

लातूरला बसून आधी लातूरचं टोक बदललं. नळेगावनं मला शेजारी म्हणणं बंद केलं, पण शिरूरकडून वाट होती म्हणून आत शिरता आलं. औशाकडं तेच करायला गेलो तेव्हा शिरूर–निलंगा आधीच अर्धं बदललेलं होतं. दोन्ही वाटा बंद. औशाला गाडीवरून जावं लागलं. वीस किलोमीटर, पुढं उसाचे ट्रॅक्टर नसतानाही पाऊण तास.

लांबचं टोक आधी, जवळचं नंतर, आणि एका वेळी एकच जोड. राऊटरमध्ये सेफ मोड असतो, संपर्क तुटला की बदल आपोआप मागं घेतो. तो दाबायचा विसरलो होतो. पुढच्या चारही जोडण्या सेफ मोडमध्ये, दहा मिनिटांत.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, धनत्रयोदशी

पहाटे तीनला चाचणी. लातूर–औसा रेडिओची वीज काढली, लामजन्याहून लातूरला पिंग चालू ठेवलं. नऊ पिंग गेले, दहावं लांबच्या वाटेनं आलं. निलंगा, शिरूर, नळेगाव, लातूर. नव्या डब्यातून कड्याची पूर्ण वाहतूक पहिल्यांदाच गेली. वीज परत दिली, वाट परत सरळ. मग लातूर–नळेगाव तोडलं: आठ पिंग.

एक खटकलं. नळेगावचा लॉग बघितला तर १४ तारखेच्या नोंदी जानेवारी १९७० च्या. डब्यात घड्याळाची बॅटरी नाही, आणि वेळ विचारायला ज्या सर्व्हरकडं जायचं त्याचा मार्गच तेव्हा नव्हता. आज बरोबर वेळ आहे, म्हणून सोडून दिलं.

घरी जाऊन दिव्यांना तेल.

६ नोव्हेंबर, बुधवार

रात्री निलंग्याची लाईट तीनदा गेली-आली आणि राऊटर बंद पडला. अडॅप्टर बदलला तरी नाही. हाताशी होता तो उसना सातवाला डबा. यादीत निलंगा चौथं होतं, आज पहिलं झालं.

भाचा आणि मी दहाला पोहोचलो. या वेळी एक्स्पोर्ट पेस्ट केला नाही, तक्ता समोर ठेवून ओळ ओळ लिहिली. एक लाल ओळ आली, थांबून वाचली: पोर्टाचं नाव. बदललं. लामजना फुल्ल, शिरूर फुल्ल. तरी उठलो नाही. लातूरवर जाऊन दोन्ही दाखले उघडले, दोन्हीकडं एकमेकांची नावं होती. ट्रेसरूट दोन्ही दिशांनी. ग्राहकांचा /२४ लातूरला दिसतोय. हातानं टाकलेला मार्ग एकही नाही. चाळीस मिनिटं. खालच्या दुकानदारानं विचारलं, "झालं का हो?" मी म्हटलं, "झालं वाटतंय." भाचा हसला.

निघताना लॉग बघितला. १ जानेवारी १९७०, पहाटेचे बारा वाजून सहा मिनिटं. मार्ग आहे, वेळ नाही, कारण वेळेचा सर्व्हर कुणी लिहिलाच नव्हता. जुन्या निलंग्यात तो होता. तक्त्यात नाही.

तक्त्यात शेवटून दुसऱ्या ओळीवर घातलं: एनटीपी.